भिंतीला लावलेल्या गाद्या

दुसऱ्याच्या घरातला आवाज ज्याला फार ऐकू येतो, असा एक माणूस आपल्या प्रत्येक अपार्टमेंटमध्ये असतोच. कसबा बावड्याच्या रस्त्यावरच्या त्या चार मजली इमारतीत हा मान दुसऱ्या मजल्यावरच्या अमरसिंह इंगवलेकडे होता. पहिल्या मजल्यावरच्या जोतीराम मास्तरांचा टीव्ही, तिसऱ्या मजल्यावरच्या सलिमाचा मिक्सर, जिन्यात चपला आपटत चढणारी पोरं, पार्किंगमध्ये मागं येणाऱ्या गाड्यांची पिपाणी, या सगळ्याची त्याला तिडीक होती. जिन्यातल्या फळ्यावर त्याच्या अक्षरात सूचना झळकायच्या. ज्यांना सभ्य वस्तीत राहायची लायकी नाही त्यांनी खेड्यात जावे, असली त्यांची भाषा. लोक वाचायचे, एकमेकांकडे बघायचे आणि जिना चढून घरी जायचे.

हाच अमरसिंह गल्लीतल्या तरुण मंडळाचा आधारस्तंभ होता. म्हणजे फ्लेक्सवर तसं छापलेलं असायचं. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान बरं चालत होतं, हात सैल होता, आणि मंडळाच्या पोरांना असा माणूस लागतोच. दरवर्षी जुलैत त्याचा वाढदिवस यायचा. गल्लीच्या तोंडाला त्याचा हात जोडलेला फोटो, खाली चाळीस कार्यकर्त्यांची गॉगल घातलेली तोंडं, आणि संध्याकाळी इमारतीच्या बरोबर दारात एक ट्रक. ट्रकवर कपाटाएवढे स्पीकर. डॉल्बी सुरू झाला की तिसऱ्या मजल्यापर्यंत खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. तलवारीनं केक कापून अमरसिंह ट्रकवर चढायचा आणि माईकवरून जनतेच्या प्रेमाचे आभार मानायचा. जनता त्या वेळी दारं-खिडक्या लावून डोकं धरून बसलेली असायची, पण ते त्याला वरून दिसत नसे. स्वतःचा गोंगाट हा गोंगाट नसतोच, तो उत्साह असतो, असं मानणारी माणसं आपल्यात कमी नाहीत.

यंदा मात्र घरात बाळंतीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे त्याची मुलगी अनुजा चंदगडहून सातव्या महिन्यात आली होती. आठव्यातच मुलगी झाली. वजन पावणेदोन किलो. डॉक्टरांनी घरी सोडताना एकच गोष्ट तीनदा सांगितली. हिला झोपू द्या. झोप झाली तर दूध ओढेल, दूध ओढलं तर वजन वाढेल. दचकवू नका, दमवू नका. बाळाची आजी संयोगिता तेव्हापासून घरात पायांच्या बोटांवर चालत होती आणि कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून भात पातेल्यात शिजवत होती.

वाढदिवस रविवारी होता. आदल्या सोमवारी अनुजानं बापाला विचारलं, डॉल्बी लागणार आहे का? अमरसिंहानं सांगितलं, पोरांनी आधीच ठरवलंय, आता माघार घेतली तर माझी किंमत काय राहील?

"मग मी शनिवारी चंदगडला जाते, पप्पा," अनुजा म्हणाली. "आदर्शना गाडी घेऊन यायला सांगितलंय."

एवढंच बोलून ती आत गेली. अमरसिंहाला आधी हसू आलं. चंदगड म्हणजे त्याच्या लेखी मनुष्यवस्तीच नव्हती. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, आणि जावई आदर्श काय तर काजूच्या कारखान्यात सुपरवायझर. लग्नही त्यानं पोरीच्या हट्टापायी नाक मुरडतच लावून दिलं होतं. पण रात्रीपर्यंत ते हसू मावळलं. सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण माहेर सोडून सासरी गेली, तर पाहुण्यांत तोंड कुठं दाखवायचं? त्या मुठीएवढ्या जीवाला भर पावसात तीन तासांच्या रस्त्यानं न्यायचं, ही काळजी संयोगिताला होती. याला आपल्या नाकाची होती.

त्यावर उपाय काय, हे कुणालाही सुचलं असतं. डॉल्बी नको म्हणायचं. एक फोन करायचा. अमरसिंहाच्या मनाला तो विचार शिवलासुद्धा नाही. त्यानं ठरवलं की डॉल्बी वाजेल आणि बाळंतिणीची मागची खोली साऊंडप्रूफ होईल.

आधी एक इंटिरिअरवाला येऊन खोली मोजून गेला. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून अमरसिंहानं त्याला चहासुद्धा विचारला नाही. मग त्यानं मोबाईलवर घरगुती उपाय शोधले आणि मंगळवारी दुकानाच्या टेम्पोतून अंड्यांचे पुठ्ठ्याचे दोनशे ट्रे आणले. वापरलेले, कारण नवे महाग. भिंतीला ते चिकटवताना स्वतः शिडीवर चढून तो संयोगिताला सांगत होता की मोठमोठ्या स्टुडिओत हेच लावतात. दुपारपर्यंत खोलीला खुराड्याचा वास सुटला. एका ट्रेला अंड्याचा बलक वाळलेला होता, त्याच्या वासानं मुंग्यांची रांग पाळण्यापर्यंत आली. अनुजा बाळाला घेऊन हॉलमध्ये येऊन बसली आणि वरच्या मिक्सरचा आवाज त्या खोलीत पहिल्याइतकाच स्पष्ट येत राहिला.

संयोगितानं मुकाट्यानं ट्रे उतरवले आणि कुणाला न विचारता तिसऱ्या मजल्यावर गेली. सलिमाचे सासरे इमाम नदाफ हे पिंजारी. कापूस पिंजून गाद्या शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. वर्षापूर्वी ते इथलं बिऱ्हाड सोडून कोडोलीच्या जुन्या घरी जाऊन राहिले होते. सलिमानं त्यांना फोन लावून दिला.

बुधवारी सकाळी इमामचाचा पहिल्या एसटीनं आले. सत्तरीचे, किडकिडीत, हातात पिशवी. अमरसिंहानं दार उघडलं, पण माणसाकडं नीट पाहिलं नाही. खोली दाखवली आणि काम स्वस्तात झालं पाहिजे, एवढं सांगितलं. ते वरच्याच मजल्यावर राहत होते हे संयोगितानं सांगितलं, तेव्हा तो फोनवर बोलत होता.

चाचांनी पिशवीतून कापसाची एक बट काढली आणि बंद दाराच्या फटीशी धरली. ती थरथरली. खिडकीच्या चौकटीशी धरली, तिथं तर उडालीच.

"जिथनं वारा येतोय, तिथनं आवाज येतोय," ते म्हणाले. "आधी ही बिळं बुजवू. मग भिंतीचं बघू."

घरातल्याच चार जुन्या गाद्या त्यांनी उसवायला लावल्या. कापूस कोडोलीला नेऊन पिंजून आणला. दाराखाली कापसाची घट्ट गुंडाळी बसवली, चौकटींना रबरी पट्ट्या मारल्या, खिडकीवर दुहेरी वाकळ टांगली आणि रस्त्याकडच्या भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत गाद्या शिवून लावल्या. विकत आणलेलं साहित्य हार्डवेअरच्या एका पिशवीत मावेल एवढं होतं. शुक्रवारी सकाळी दार लावल्यावर वरचा मिक्सर नाहीसा झाला, मास्तरांचा टीव्ही नाहीसा झाला, रस्त्यावरचा हॉर्न लांबच्या गावात वाजल्यासारखा वाटू लागला. बाळ सलग तीन तास झोपलं. अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं चाचांना नमस्कार केला.

अमरसिंहाची छाती फुगली. जणू गाद्या त्यानंच शिवल्या होत्या. आता लावा म्हणावं डॉल्बी, असं तो म्हणाला तेव्हा चाचा शेवटचे टाके घालत होते. त्यांनी दाभण खाली ठेवला.

"भाऊ, एक सांगतो. ह्यानं मिक्सर गेला, टीव्ही गेला, ते हवेतनं येतंय म्हणून गेलं. डॉल्बीचा दणका नुसता हवेतनं येत न्हाय. जमिनीतनं येतोय, खांबातनं येतोय. ह्याला माझा कापूस काय करणार? घरभर लावला तरी अडायचा न्हाय."

"आवाजाचं शास्त्र शिकवायला गादीवाल्याला बोलवलं न्हाय," अमरसिंह म्हणाला. "गाद्या शिवायला आलाय न्हवं? शिवा."

चाचांनी दाभण उचलला आणि पुढचा टाका घातला.

शनिवारी दुपारी ट्रक आला. मंडळाचा अध्यक्ष पिराजी चेकिंगसाठी पोरं घेऊन आला होता. पार्किंगमध्ये आदर्शची गाडी उभी होती आणि तो हॉलमध्ये ओल्या छत्रीसकट अवघडून बसला होता. अनुजाची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. चाचा उरलेला कापूस आणि दोरा न्यायला आले होते. अमरसिंहाला हे सगळे साक्षीदार एका जागी सापडले म्हणून आनंदच झाला. त्यानं सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं, दार घट्ट लावलं आणि पिराजीला फोन केला. लाव म्हणाला, उद्याला लावणार तेवढाच लाव.

डॉल्बी सुरू झाला. आणि खरंच, गाणं ऐकू आलं नाही! शब्द नाहीत, चाल नाही, पोरांचा आरडाओरडा नाही. अमरसिंहानं सगळ्यांकडं विजयी मुद्रेनं पाहिलं.

"गेलं का न्हाय गाणं? आता बोला."

गाणं गेलं होतं, पण दणका राहिला होता. बाकीचे सगळे आवाज गाद्यांनी शोषून घेतल्यावर तो एकटाच उरला होता, उघडा आणि ठसठशीत. धप्प. धप्प. पाळण्याच्या कड्या वाजू लागल्या. बाळानं दोन्ही हात हवेत फेकले. तोंड उघडलं, पण रडणं बाहेर पडेना. चेहरा लाल झाला, मग काळपट. अनुजानं तिला उचलून छातीशी धरलं तेव्हा कुठं बारीक किंकाळी फुटली. पुढच्या दणक्याला पुन्हा हात फेकले गेले, आणि त्याच्या पुढच्याला पुन्हा.

अमरसिंह म्हणाला, सवय होईल तिला. हे तो अगदी सहज म्हणाला, आणि म्हणूनच ते ऐकणाऱ्याला किळस यावी असं होतं. संयोगितानं तोंड फिरवलं.

इमामचाचांनी मात्र त्याचं मनगट धरलं. म्हातारा किडकिडीत होता, पण आयुष्यभर पिंजण ओढलेला हात होता. त्यांनी अमरसिंहाचा पंजा गादीखाली सारून उघड्या भिंतीवर टेकवला.

"लागतोय का दणका?"

भिंत हाताखाली धडधडत होती. अमरसिंहानं मान हलवली.

"आता हिच्या पाठीला हात लावा."

अनुजा मागं सरली नाही. अमरसिंहानं दोन बोटं बाळाच्या पाठीवर ठेवली. ती पाठ त्याच्या तळहाताएवढीसुद्धा नव्हती. आणि तिथं, त्या पावशेर हाडांच्या आत, तोच दणका होता! तोच ठेका, तोच जोर! बाळाचं स्वतःचं काळीज त्याच्याखाली कुठं चाललं होतं ते त्याला लागेना. त्याच्या वाढदिवसाची सलामी त्याच्याच नातीच्या बरगड्यांवर वाजत होती, आणि ती वाजवायला त्यानंच फोन केला होता! चार दिवस तो भिंती झाकत होता. आपण काय करत होतो हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, आणि जगातल्या इतर सगळ्यांबद्दल त्याला वाटायची ती सगळी तुच्छता एका दमात त्याच्याच अंगावर आली.

फोन करायला तो थांबला नाही. चप्पल न घालता जिना उतरला. डॉल्बीचे पैसे त्याचेच होते, म्हणून त्याच्या एका खुणेवर जनरेटर बंद झाला. नाचणारी पोरं जागच्या जागी उभी राहिली. अमरसिंह म्हणाला, घरी लहान बाळ आहे, दणका सोसत नाही, उद्याचा कार्यक्रम रद्द. पिराजीला आधी ही थट्टा वाटली. मग तो ट्रकवरनं खाली उतरला.

"भाऊ, गेल्या साली तिसऱ्या मजल्यावरलं म्हातारं आलतं खाली, ठावं हाय न्हवं? छातीत धडधडतंय, जरा कमी करा म्हणत हुतं. तवा ट्रकवरनं माईकवर कोण बोललं? 'पिंजारी हाईस न्हवं, घाल की कानात कापूस.' तुम्हीच की. समद्या गल्लीनं टाळ्या मारल्या, आन् म्हातारं बिऱ्हाड हलवून कोडोलीला गेलं. आता त्येच म्हातारं तुमच्या घरात कापूस लावाय लागलंय. आमी तीन दिस हसतोय."

पोरं खरोखरच हसत होती. अमरसिंहाला त्या टाळ्या आठवल्या. म्हाताऱ्याचा चेहरा काही केल्या आठवेना, कारण तो पाहिलाच नव्हता.

"ती चूक माझी," तो म्हणाला. "पण ह्या दारात आता डॉल्बी वाजायचा न्हाय. माझा फ्लेक्स काढा."

फ्लेक्स काढायला पोरांनी अर्धा तासही घेतला नाही. जाताना त्यांनी शिट्ट्या मारल्या, भाऊ भ्याला असं ओरडली. ज्या जनतेच्या प्रेमाचे तो दहा वर्षं आभार मानत होता, तिचं प्रेम एवढंच टिकलं. त्यांना नाचायला कारण हवं होतं, ते कारण आता दुसऱ्या कुणाच्या नावानं शोधावं लागणार होतं.

वर आला तेव्हा बाळ हुंदके देत दूध पीत होतं. इमामचाचा पिशवी आवरत होते. अमरसिंह त्यांच्यासमोर उभा राहिला. ते तुम्ही होता हे मला ठाऊक नव्हतं, असं काहीतरी तो पुटपुटला.

"ठाऊक कसं असंल? तुम्ही बघितलंच न्हाईसा," चाचा म्हणाले.

"मग कामाला तरी कशाला आलासा?"

"सूनबाई म्हणाली, खाली लहान जीव हाय. तिच्यासाठी आलो, तुमच्यासाठी न्हाय."

अमरसिंहानं हात जोडले. फ्लेक्सवर जोडायचा तसे नव्हेत. वरच्या घरी परत राहायला या, आता दारात डॉल्बी लागणार नाही, असं तो म्हणाला. चाचांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांच्या नजरेत क्षमा वगैरे काही नव्हतं.

"आज बंद केलासा, बरं केलंसा. पर गेल्या साली माझ्या छातीत दुखलं तवा वाजत ऱ्हायलं, आणि आज तुमच्या घरात दुखलं तवा थांबलं. आता ही पोरं दुसरा भाऊ धरतील. त्याच्या घरात दुखंपर्यंत आम्ही थांबायचं, मग तिसऱ्याच्या? जरा इचार करा. ज्या दिशी दुसऱ्याचा डॉल्बी बंद कराय तुम्ही खाली जाशीला, त्या दिशी मला फोन करा."

ते गेले. अनुजानं दाराशी ठेवलेली बॅग आत नेली आणि आदर्श जेवून एकटाच चंदगडला परतला. रविवारी अमरसिंहाचा वाढदिवस संयोगितानं केलेल्या शेवयांच्या खिरीवर साजरा झाला. नात त्या दुपारी साडेतीन तास झोपली.

मंडळाला दुसरा भाऊ महिन्याभरात मिळाला. नवा फ्लेक्स, नवे जोडलेले हात, आणि नव्या भाऊच्या वाढदिवसाला त्याच दारात त्याच ट्रकची जागा ठरली. आठ दिवस आधी अमरसिंह इमारतीत दारोदार फिरला. ज्या दारांवर त्यानं आजवर फक्त तक्रारी नेल्या होत्या, त्या दारांवर तो विनंती घेऊन गेला, आणि लोकांनी ती संधी सोडली नाही. जोतीराम मास्तरांनी त्याला दारातच उभं करून फळ्यावरच्या जुन्या सूचना तोंडपाठ म्हणून दाखवल्या. सलिमानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, गेल्या वर्षी तुम्ही कुठं होता? ट्रकवर, माईक घेऊन, असं त्यानं सांगितलं. बहुधा त्यामुळंच तिनं त्यानं लिहून आणलेल्या पोलीस ठाण्याच्या अर्जावर पहिली सही केली.

कार्यक्रमाच्या दिवशी इमारतीतली अकरा माणसं ट्रकसमोर जाऊन उभी राहिली. पुढं अमरसिंह. पिराजीनं माईक घेतला, भाऊंना कापूस द्या रे म्हणाला, आणि गल्लीभर हशा पिकला. कुणी मागून आईवरून शिवी हासडली. अमरसिंह हलला नाही. तासाभरानं हवालदार आले, अर्जाची प्रत पाहिली, आणि ट्रक कुरकुरत नदीकडच्या मोकळ्या रानात गेला. नवे भाऊ रागानं केक न कापताच निघून गेले, हेही गल्लीनं पाहिलं.

संध्याकाळी अमरसिंहानं कोडोलीला फोन लावला. चाचा, या आता, म्हणाला.

"पोरांनी शिव्या घातल्या का?" चाचांनी विचारलं.

"लई घातल्या."

"हसली?"

"हसली की. समदी गल्ली हसली."



"मग येतो," चाचा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बिछाना गुंडाळून तिसऱ्या मजल्यावर राहायला आले.

वाचकहो, घराला गाद्या लावा, फटी बुजवा, त्यात काही गैर नाही. थोडक्या पैशात शेजारचा मिक्सर आणि रस्त्यावरचा हॉर्न नक्की कमी होतो. पण जो दणका आपणच चौकात नेऊन ठेवतो, तो कुठल्याच भिंतीनं अडत नाही. तो आधी परक्या म्हाताऱ्याच्या छातीत शिरतो, मग आपल्या नातीच्या. म्हणून तो परक्याच्या छातीत असतानाच बंद केला पाहिजे.